पंख्याचं बटण

तुम्हाला पंख्याचं सांगितलं का रे मी? आमचा दिनेश बुडी मारून मोठ्या जहाजांची कामं करतो. एकदा सकाळी मुंबईच्या बंदरातून त्याचा फोन आला, "आय, आज जहाजाचा पंखा बदलायचाय, पाण्याखालीच. एकेक पातं आपल्या दारापेक्षा उंच!"

त्याची आय म्हणाली, "आधी बटण बंद कर, मगच हात लाव."

तो हसला. "अगं, इंजिन बंद करून चावी साहेब खिशात ठेवतात. वर आलो की फोन करतो."

हिने फोन ठेवला आणि आमच्या घरातला पंखा बंद केला.

मी म्हटलं, "तो मुंबईला, आपण चिंचणीला. या बटणाने जहाज थोडंच चालू होणार?"

"तेवढं कळतं मला. तरी तो वर येईपर्यंत लावायचा नाही."

दुपार झाली. बनियन अंगाला चिकटलं. मी ओट्यावर जायचो, आत यायचो, फोन बघायचो. ही वाळत घातलेले बोंबील परतायला अंगणात गेली, तेव्हा मी बटणापर्यंत पोचलोसुद्धा. पण पाण्याखाली तो पंखा चुकून फिरला तर माणूस हाती लागत नाही. माझाही हात धजेना.

चार वाजता फोन वाजला. "आय, वर आलो. नवा पंखा बसला."

तिने पदराने डोळे पुसले. "अहो, लावा आता."

मी बटण दाबलं. पंखा हलेना. पुन्हा दाबलं.

शेजारीण दारातून म्हणाली, "काका, लाईट दहा वाजताच गेलीय!"