तिरका भांग

चहाचे दोन कप सांभाळत मुलगी दवाखान्यातल्या बाकामागे आली, तर तिच्या आईची शेजारच्या बाळाच्या आईशी गट्टी जमलेली. ती तिथेच थांबली.

"नाकातून सारखं पाणी गळायचं, मावशी. मी सर्दी समजून वाफ देत बसले."

"मीही तेच केलं होतं. ते मेंदूचं पाणी असेल, असं स्वप्नातसुद्धा वाटलं नाही."

"कवटीच्या तळाला जन्मापासूनच भोक आहे म्हणे. उद्या नाकातून दुर्बीण घालून बुजवणार."

"नाकातून? बरं झालं बाई. आमच्या वेळी माझ्या पोरीचं या कानापासून त्या कानापर्यंत डोकं उघडलं होतं."

"मग केवढा व्रण राहिला असेल."

"भांग असा तिरका पाडायचे की कुणाला पत्ता लागू नये. कॉलेजात जाईपर्यंत माझ्याशिवाय कुणाला केसांना हात लावू दिला नाही तिने."

"आणि आता?"

"आता स्वतःच विंचरते. चांगलंच आहे की. तुझ्या पोरीला तर झाकायला काही उरणारच नाही."

मुलीने कप बाकावर ठेवले आणि केसांचा चाप काढला.

"आई, पर्समध्ये कंगवा आहे?"

"असतोच. का गं?"

"वाऱ्याने भांग विस्कटलाय."

खिडकीबाहेर पानही हलत नव्हतं.

"बस इथे. पाठ कर माझ्याकडे."