रक्त बाद होऊ नये म्हणून

डोकं आपटण्याचा विषय काढलात म्हणून सांगते, पण हसायचं नाही हं.

आमच्या नरपडच्या वाडीत चिकू काढताना शिडी सरकली आणि माझं डोकं आपटलं. दवाखान्यात एक तरुण डॉक्टर भेटला. म्हणाला, "काकू, डोक्याला हलका मार लागला की रक्तातली चरबी बदलते का, आणि बायकांची नि पुरुषांची वेगवेगळी बदलते का, ते आम्ही तपासतोय. पुरुष भरपूर मिळालेत. बायका येतच नाहीत."

"येतील कशा? जखमेवर हळद दाबतात आणि भाकऱ्या थापायला बसतात," असं म्हणून मी हात पुढे केला.

आठवड्यानं त्याचा फोन आला. "जरा घरातल्या कोणाला तरी द्या ना. मार लागल्यावर तुमचा स्वभाव बदलला का, ते घरच्यांनाच विचारायचं असतं. ते उत्तर नसेल तर तुमचं रक्त बाद होईल."

घरात कोण असणार? हे गेले त्याला किती वर्षं झाली, मुलगी तिकडे वापीला. पण बायका आधीच कमी, त्यात मीही बाद? म्हटलं, "थांबा, जाऊबाईंना देते." तोंडावर पदर धरला आणि आवाज जाड केला.

"काकू हल्ली चिडतात का?"

"पूर्वीइतकीच चिडते."

"एकट्याच बोलत बसतात का?"

"हो. पण ते आधीपासून."

तो म्हणाला, "बरं झालं, तुम्ही आहात त्यांच्या सोबतीला."

म्हटलं, "मग! माझ्याशिवाय आहे कोण तिला?"