पहिल्या जाळ्याचा मान

काय सांगू जी तुमाले, आमी ढिवर, मासोळ्या धरनारे, ब्रह्मपुरीकडचे, आजा तलावात, बाप तलावात, अन् मी चालाले लागलो तेवापासून पान्यातच. तलाव तेवा मालगुजाराचा होता, आता सरकारचा झाला म्हन्तेत, मासोळीले काय त्याचं, ते तशीच पोहून राह्यली.

फेकजाळं फेकाचं म्हन्जे हात पाह्यजे, कंबर पाह्यजे, अन् दात पाह्यजे. हसू नका जी. जाळ्याची एक कोर दातात धरा लागते, दोरी मनगटाले बांधा लागते, अन् आंग फिरवून फेकलं का त्याच टायमाले दात सोडा लागते, तेवा जाळं गोल उघडते. आता माहे दात गेले, गुडघे गेले, बोटं अशी का धोतराची गाठ नीट बसत नाई. दात गेले ते तर साऱ्याइले दिसे, पन जाळं फेकता येत नाई हे मी कोनाले सांगतलंच नाई.

आमच्यात उन्हाळ्यात तलाव उतरला का पहिलं जाळं साऱ्यात बुढ्या मानसानं फेकाचं. माहा पोरगा किसन म्हने, बाबा, या साली मी फेकतो. मी भडकलो, म्हनलं मी जिता असताना माहा मान घेतं का रे. गेलो तरातरा, सारा गाव काठावर. कोर हिरड्यात धरली, आंग फिरवलं, कोर आधीच निसटली, जाळं गाठोड्यावानी पडलं अन् मनगटाच्या दोरीनं मलेच वढलं. पडलो पालथा. कंबरभर पानी जी, त्यात ढिवर बुडून राह्यला!

किसन पल्याडच्या काठावर. अन् माही सून, भागीरथी, लगीन होऊन आली तेवापासून माह्यासमोर उभी राह्यली नाई, तिच्या डोक्यावरचा पदर मी कधी खाली पाह्यला नाई. ते टोपली टाकून पान्यात शिरली, मले काखेत धरून उभं केलं, पाह्यते तर माहं धोतर सुटलेलं. तिनं डोक्यावरचा पदर वढला अन् माह्या कमरेले गुंडाळला. साऱ्या गावासमोर. कोनी हसलं नाई जी. हसले असते तर बरं झालं असतं.

मंग पहिलं जाळं किसननं फेकलं. उघडलं मस्त. मी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसलो.

आता मासोळीतला काटा मले दिसत नाई, जिभेलेही समजत नाई, घश्यात अडकते, म्हनून भागीरथी काटे काढून देते, लेकराले द्यावं तशी. मी म्हन्तो राहू दे वं बाई, ते म्हन्ते खा मामाजी, भात थंडा होऊन राह्यला. मी खाली मान घालून खातो. लय लाज वाटते मले माही. मनात म्हन्तो, पोरी, म्हातारपनी तुलेही अशीच सून भेटो, पन तोंडातून निंघत नाई.

तुमी लिहून राह्यले ना, तर एवढं तिले वाचून दाखवा. मी तेवा अंगनात जाऊन बसतो.