प्लेटा वाजल्या न्हाय पायजेत

मंडळी, तुम्ही सगळे आलात. मुरूमहून या जिममध्ये आलात, हातातली कामं टाकून आलात. अण्णा असते तर म्हणाले असते, "खुर्च्या कशाला मांडल्या रं? पैलवान मातीत बसतो." बोलायला उठले खरी, पण समोर दारापाशी त्यांची रिकामी खुर्ची दिसते आणि नजर तिथंच जाते. तरी बोलणार. मी रडायला उठले नाही, मिरवायला उठले आहे. असा बाप होता माझा, हे मिरवायला.

मी संगीता, ज्ञानोबा पैलवानांची लेक. अण्णांची कुस्ती तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी बघितली आहे. ती कशानं सुटली तेही ठाऊक आहे. मांडीमागची शीर तुटली आणि ऐन भरातला पैलवान आखाड्याबाहेर बसला.

पुढं माझ्या भावानं, बाळूनं, तालमीच्या अर्ध्या जागेत ही जिम काढली. अण्णांना लई खुपलं. ही मशीन बघा, लेग कर्लची. पालथं झोपायचं, गादी टाचेच्या वर घ्यायची आणि पाय दुमडत वजन ओढायचं. अण्णा म्हणाले, "झोपून कसला व्यायाम? झोपायला घरी खाट हाय की."

मी तेव्हा कॉलेजकडून खो-खो खेळायचे. राज्याच्या संघाची निवड तोंडावर आली आणि सरावात माझीही तीच शीर दुखावली. बापाची गेली तीच! अण्णा मला उमरग्यातच डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, तुटली नाही, पण मागची मांडी बळकट झाल्याशिवाय पळायचं नाही. मशीनवर कसं करायचं तेही सांगितलं. मी रडत होते. अण्णा कान देऊन ऐकत होते.

थोडं बरं वाटताच मी काय केलं? पैलवानाची लेक ना! वजनाच्या प्लेटांतली पिन काढली आणि पार खालच्या प्लेटीत घातली, म्हणजे सगळं वजन एकदम. कंबर उचलून, झटका देऊन ओढलं आणि दिलं सोडून. खाडकन आवाज झाला. अण्णा खुर्चीतून उठून आले.

"ऊठ," म्हणाले. धोतर आवरलं आणि स्वतः पालथे झोपले. भरल्या जिममध्ये! "एक प्लेट ठेव."

एक प्लेट. मंडळी, तुम्ही तालमीतली माणसं. चारचौघांत वजन कमी करणं पैलवानाला कसं लागतं, हे मी तुम्हाला सांगावं का? मागं पोरं हसली. अण्णांनी ऐकलं आणि सोडून दिलं. गुडघे मशीनच्या सांध्याच्या रेषेत आणले, कंबर बाकाला दाबली, टाचा वर घेतल्या. आणि खाली? खाली सोडल्याच नाहीत. धरून, धरून आणल्या. प्लेट जागेवर टेकली, आवाज नाही.

मला म्हणाले, "वर कुणी बी नेतं, बाय. खाली आणताना धरतो, तो पैलवान. माझं गेलं, तुझं जाऊ द्यायचं न्हाय."

आयुष्यात अण्णांनी किती जणांना चीत केलं असेल! पण मला माझा बाप सगळ्यात मोठा दिसला तो त्या मशीनवर, पालथा पडलेला.

मग रोज ते खुर्चीत डोळे मिटून बसायचे. माझी प्लेट वाजली की डोळे न उघडता म्हणायचे, "परत." वाजली नाही की गप्प. ते गप्प बसावेत म्हणून मी घाम गाळला. वजन हळूहळू वाढलं, घाई त्यांनी करू दिली नाही.

निवडीच्या दिवशी खांबाजवळ मी सूर मारला, पाय पुरता ताणला गेला. शिरेनं धरलं! निवड झाली. अण्णा एवढंच म्हणाले, "धरलं न्हवं पायानं?" आणि मग हायवेवरच्या हॉटेलात हैदराबादला निघालेल्या ट्रकवाल्यांनाही चहा पाजून सांगत बसले, "माझी लेक हाय ती."

आज मी शाळेत खो-खो शिकवते. माझ्या पोरी समोर बसल्यात. त्यातली एकही वजन आदळत नाही. हे अण्णांचं आहे, माझं नाही.

आता आपण सगळे उभे राहू. दोन मिनिटं कुणी बोलू नका. आज आपल्या सगळ्यांवर लई वजन आहे. ते टाकायचं नाही. धरायचं, आणि हळू खाली ठेवायचं.

अण्णा, डोळे मिटूनच ऐका. आज एक बी प्लेट वाजणार न्हाय.