बावीस खुर्च्या आणि एक चाप

बर्ल : ...नाश्ता करून चाप ओढायला घेतो आणि गोळी दुपारच्या जेवणाला सुटते. याला पिस्तूल म्हणतात? हे सरकारी कचेरीचं कामकाज आहे, थर्मन.

थर्मन : आधी ते माझ्या पोटावरून बाजूला वळव.

बर्ल : रिकामं आहे.

थर्मन : माझ्या दुकानात येणारं प्रत्येक पिस्तूल रिकामंच असतं. वर बघ. छताला तीन भोकं दिसतात? तिन्ही रिकाम्या पिस्तुलांची आहेत.

बर्ल : चार आहेत.

थर्मन : चौथ्यातून पाणी गळतं. आण इकडे. मॅगझिन बाहेर, नळी रिकामी. हं. आता बोल.

बर्ल : काय बोलू? दोन आठवडे झाले घेऊन. नवं कोरं, खिशात मावेल एवढं, दिसायला गोंडस. आणि चाप असा की वाळूतून कपाट ओढतोय. आधी काहीच होत नाही. मग कर्र होतं. मग परत काही नाही. शेवटी माझा विश्वास उडतो, मी मनातल्या मनात घरी जायला निघतो, आणि तेव्हा ठो!

थर्मन : छोट्या पिस्तुलांचे चाप जडच असतात. खिशात राहायचं असतं त्यांना. हलका चाप आणि तुझा खिसा एकत्र आले तर तुझ्या मांडीचं काही खरं नाही.

बर्ल : मला खिशात ठेवायचंय कुठे? मला शनिवारच्या नेमबाजीत हॅम जिंकायचाय, डुकराची अख्खी खारवलेली तंगडी!

थर्मन : मग आजोबांची बंदूक घे. अकरा वर्षं तिनंच जिंकतोस.

बर्ल : वा रे वा! नेमबाजी भरवणाऱ्या अग्निशमन दलाच्या कमिटीत तू होतास ना? ‘यंदा नेमबाजीला लांब बंदूक नको, फक्त छोटी पिस्तुलं’, तेव्हा हात कुणी वर केला होता?

थर्मन : मी. दोन्ही केले होते.

बर्ल : एक छर्रा, थर्मन! गेल्या वर्षी एकच छर्रा गोडाच्या टेबलाकडे गेला.

थर्मन : सात. सफरचंदाच्या थरांच्या केकमध्ये सात निघाले. आठवा व्हर्लनच्या दाताखाली आला.

बर्ल : त्यानं नेमका तोच तुकडा कशाला घ्यायचा? मी सांगतो, मेहुणा मुद्दाम चावला. त्याला माझी बंदूक बंद पाडायची होती. शनिवारी तो जिंकला की हॅम त्याचा. आणि ज्याच्या घरी हॅम, त्याच्याच घरी थँक्सगिव्हिंगचं जेवण. आणि ज्याच्या घरी जेवण, तोच जेवणाआधीची प्रार्थना म्हणणार. तू ऐकलीयेस त्याची प्रार्थना?

थर्मन : एकदा. बारा वर्षांपूर्वी.

बर्ल : चाळीस मिनिटं! समोर टर्की गार पडतेय आणि हा देवाचे आभार मानता मानता ट्रॅक्टरच्या टायरांपर्यंत पोचलाय. एकेका टायरचे वेगळे.

थर्मन : मागचा डावा दोनदा घेतला होता.

बर्ल : म्हणून म्हणतो, हा चाप नीट कर. माझ्यासाठी नाही. सगळ्या खानदानाच्या पोटासाठी.

थर्मन : थांब, चाप ओढायला किती जोर लागतो ते काट्यावर बघतो. ...हं.

बर्ल : किती?

थर्मन : बारा पौंड.

बर्ल : बारा म्हणजे जास्त आहे का?

थर्मन : सांगता येत नाही. बाराच्या पुढे काट्यावर आकडाच नाही, नुसता पत्रा आहे. मग तू काय काय केलंस याला?

बर्ल : फोनवरच्या व्हिडिओतले लोक सांगतात तेच. रिकामं करून हजारदा ओढा, चाप लोण्यासारखा होईल. मी चार हजारदा ओढला. रोज संध्याकाळी टीव्हीवर प्रश्नमंजूषा लागते ना, त्या वेळी. त्यांचं उत्तर चुकलं की दोनदा.

थर्मन : आणि?

बर्ल : रोज आणखी बिघडतोय.

थर्मन : आणखी? बर्ल, चार हजार ओढींनी चाप सुधारतो आणि माणूस बिघडतो. तुझं उलटं झालंय.

बर्ल : म्हणजे मी सुधारलो?

थर्मन : नाही, तेवढं निसर्गानं सांभाळलंय. रात्री कुठे असतं हे?

बर्ल : स्वयंपाकघरात, वरच्या कपाटात, कुलपात. मी ठेवत नाही, नेडीन ठेवते. ओढून ओढून माझं बोट सुजतं, मग तीच म्हणते, दे इकडे, पुसून तेल घालून ठेवते. अशी बायको मिळायला भाग्य लागतं, लेका.

थर्मन : रोज?

बर्ल : एक दिवस चुकत नाही. ताप होता तरी उठली. आणि ऐक, अजून एक आहे, पण हसायचं नाही.

थर्मन : मी हसतो कधी?

बर्ल : सराव करताना आठ-दहा गोळ्या झाडल्या की मला भूक लागते.

थर्मन : भूक.

बर्ल : सणसणीत. आणि आजी आठवते. तिची चूल, लोखंडी तवा, सगळं. डोळ्यांत पाणी येतं, निशाण दिसेनासं होतं. मला वाटलं, वय झालं असेल.

थर्मन : जरा तो भिंगाचा चष्मा दे. उघडतो हे.

बर्ल : काय दिसतंय?

थर्मन : तेल. तेलात काहीतरी पिवळं.

बर्ल : पितळ झिजलं असेल.

थर्मन : पितळ झिजून इतकं मऊ होत नाही. बोटाला चिकटतंय.

बर्ल : ए, ए! चाखतोस काय?

थर्मन : मक्याचं पीठ आहे.

बर्ल : काय?

थर्मन : मक्याचं पीठ. जाडं दळलेलं. मीठ आहे, सोडाही आहे. चांगल्यापैकी पीठ आहे, बर्ल.

बर्ल : कारखान्यात मका कुठून आला?

थर्मन : कारखान्याचं नाही हे. थर दिसतात बघ. खालचा कडक झालाय, वरचा कालचा असावा. रोज थोडंथोडं पडलंय. गोळ्या झाडून तापलं की हे भाजतं, म्हणून तुला आजीचा तवा आठवतो. आणखी शंभर गोळ्या झाडल्या असत्यास तर लोणी लावून खाता आलं असतं.

बर्ल : व्हर्लन!

थर्मन : कुठे?

बर्ल : त्याचंच काम! खिडकीतून आत येतो, कपाट उघडतो, पीठ घालतो, पसार!

थर्मन : व्हर्लनला माझ्या दुकानाच्या दारातून आत आणायला दोन माणसं लागतात.

बर्ल : मग आहेत की त्याचे दोन मुलगे.

थर्मन : एक पाद्री आहे.

बर्ल : तोच! त्याच्यावर कोण संशय घेणार?

थर्मन : बर्ल, कुलपाची किल्ली कुणाकडे असते?

बर्ल : नेडीनकडे. म्हणजे बिचारीची चोरली! थांब, बाहेर गाडीतच बसलीये. नेडीन! ए नेडीन!

(नेडीन आत येते. हातात वाणसामानाची यादी. यादीचं दुसरं टोक अजून दाराबाहेर आहे.)

नेडीन : ओरडू नकोस, आले. बटाटे तीस पौंड पुरतील की पस्तीस घेऊ, तेवढं सांग. कसा आहेस, थर्मन?

थर्मन : बरा आहे. नुकतंच थोडं खाल्लं.

बर्ल : नेडीन, आधी खाली बस. घाबरू नकोस. आपल्या घरात रोज रात्री कुणीतरी येतंय. हातात मक्याचं पीठ घेऊन.

नेडीन : मी येते.

बर्ल : तुझ्याशिवाय गं.

नेडीन : माझ्याशिवाय आपल्या स्वयंपाकघरात कुणी येत नाही, बर्ल. तूसुद्धा नाही. मीच घातलं पीठ.

बर्ल : बघितलंस, थर्मन? पाठीशी घालतेय. भाऊ आहे ना शेवटी.

नेडीन : रोज एक चिमूट. पहिल्या दिवशी पाव चमचा घातलं, तर फारच खडखडलं. मग हळूहळू अंदाज आला.

थर्मन : तेल आधी की पीठ आधी?

नेडीन : तेल आधी. नाहीतर धरत नाही.

थर्मन : बरोबर.

बर्ल : काय बरोबर? बरोबर काय आहे यात?

थर्मन : कृती बरोबर आहे. काम चुकीचं आहे. नेडीन, हत्यारात पीठ घालणं म्हणजे खेळ नाही. उद्या अडकून कुणाच्या हातावर आलं असतं.

नेडीन : म्हणून तर इथे आणवलं. हा सकाळी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसला होता. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता थर्मनकडे चल, मी गाडी चालवते.

बर्ल : पण का, नेडीन? माझ्या पिस्तुलानं तुझं काय बिघडवलं?

नेडीन : तू जिंकतोस.

बर्ल : मग?

नेडीन : तू जिंकतोस, की हॅम आपल्या घरी येतो. हॅम आला, की त्याच्यामागून माणसं येतात, आपल्याला धरून तेवीस. अकरा वर्षं झाली. पहाटे चारला उठते. टर्की, रताळी, घेवडा, दोन प्रकारचे बटाटे, कारण व्हर्लनच्या बायकोला एक प्रकार सोसत नाही आणि दुसरा आवडत नाही. आईला रस्स्यात गुठळ्या दिसतात. नसल्या तरी दिसतात. ओव्हनचं दार निघतं, ते मी गुडघ्यानं दाबून धरते.

बर्ल : मग सांगायचंस ना!

नेडीन : सांगितलं. सहाव्या वर्षी. तू म्हणालास, असं होय, मग यंदा मोठा हॅम जिंकतो.

बर्ल : आणि जिंकलो होतो हं. अठरा पौंडांचा. थर्मनला विचार.

थर्मन : आठवतो. कडेनं लवंगा टोचलेल्या होत्या.

नेडीन : तुला आठवणारच. तीनदा वाढून घेतलास. दरवर्षी फोन करतोस, नेडीन, मी काय आणू? मी म्हणते, काहीही आण. आणि तू बर्फाची पिशवी आणतोस. नोव्हेंबरात. गेल्या वर्षी आमच्या अंगणात गुडघाभर बर्फ होता, थर्मन. तू त्यातून चालत आलास. हातात बर्फाची पिशवी घेऊन.

थर्मन : अंगणातला तेवढा स्वच्छ नसतो.

बर्ल : पण नेडीन, जेवताना मजा येते की नाही? सगळे एकत्र बसतो, गप्पा होतात, थर्मन चौथ्या भोकाची गोष्ट सांगतो...

नेडीन : खुर्च्या किती असतात, बर्ल?

बर्ल : मला काय विचारतेस? मीच तर आणतो. सोळा चर्चमधून, गाडीत तेवढ्याच मावतात. सहा घरच्या. बावीस.

नेडीन : आणि माणसं?

बर्ल : तेवीस. आत्ताच म्हणालीस.

थर्मन : बर्ल.

बर्ल : थांब ना. अकरा वर्षं पुरतायत खुर्च्या. कुणी उभं राहिलंय असं मी कधी पाहिलं नाही. पाहिलंयस का तू? सगळे बसलेले असतात. म्हणजे टेबलाशी जेवढे दिसतात तेवढे... नेडीन, तू कुठे बसतेस?

नेडीन : मी ओव्हनपाशी असते.

बर्ल : तिथे खुर्ची कुठेय?

नेडीन : नाही. पण ऊब असते. आणि दाराला गुडघा लावायचाच असतो.

बर्ल : अकरा वर्षं?

नेडीन : एका वर्षी बादली उपडी घालून बसले होते. पण मग तू बर्फ ठेवायला बादली मागितलीस.

थर्मन : तो माझाच बर्फ.

नेडीन : हो.

थर्मन : ...बर्ल, पीठ काढायला पाऊण तास लागेल. सगळं घासून धुतो, नवं तेल देतो. उरलेला जडपणा कारखान्याचा आहे, तेवढा सवयीनं जाईल. शनिवारी व्हर्लनला सहज हरवशील.

बर्ल : दुरुस्तीला आलेल्या हत्यारांना तू चिठ्ठी बांधतोस ना?

थर्मन : बांधतो.

बर्ल : मग याला बांध. लिही, चाप खराब. इलाज नाही. खाली तुझी सही कर. मोठी. व्हर्लन चष्मा विसरतो.

थर्मन : इलाज आहे, बर्ल. पाऊण तासाचा आहे. मी चाळीस वर्षं या चिठ्ठ्यांवर खोटं लिहिलेलं नाही.

बर्ल : शनिवारच्या आत होईल?

थर्मन : आज मंगळवार आहे.

बर्ल : तू किती हळू काम करू शकतोस?

थर्मन : ...पीठ कडक झालंय. घाई केली तर बिघडेल. रविवारी दुपारी मिळेल. हे खोटं नाही, कारण आता मी खरंच रविवारी दुपारीच याला हात लावणार आहे.

बर्ल : तेच लिही.

नेडीन : बर्ल, तुला जिंकायला किती आवडतं.

बर्ल : आवडतं ना. म्हणूनच म्हणतोय, सही मोठी कर. उगाच हरलो असं कुणाला वाटायला नको. पीठ आडवं आलं, एवढंच.

नेडीन : आणि त्याची प्रार्थना?

बर्ल : चाळीस मिनिटं आहे. तू बसून ऐकायचीस. पाठ टेकून. मागच्या डाव्या टायरापाशी डोळा लागला तरी कुणी उठवायचं नाही, मी बघतो.

नेडीन : चाळीस मिनिटं.

बर्ल : या वर्षी नवा ट्रॅक्टरही घेतलाय त्यानं. कदाचित पन्नास.

नेडीन : मग या यादीचं काय करू?

बर्ल : फाड.

नेडीन : सगळी नको. व्हर्लनकडे रिकाम्या हातानं कसं जायचं? एक केक नेते. तुझ्या छर्‍यांशिवाय.

थर्मन : मी येईनच तिकडे. नेडीन, मग मी नेहमीसारखी बर्फाची—

नेडीन : खुर्ची आण, थर्मन.