रिकाम्या खोक्यांचं दुकान

नाही नाही, त्या खोक्याला हात नका लावू ताई, रिकामं आहे ते. वरचंही रिकामंच. अख्खी मांडणीच रिकामी आहे म्हणा ना — एक ओढलंत की सगळी डोक्यावर येतील. लागणार नाही काही, पण पुन्हा रचायला मलाच स्टुलावर चढावं लागतं आणि माझे गुडघे आता असले उद्योग करू देत नाहीत. काय हवंय म्हणालात? कुलूप? बोर्डावर लिहिलंय खरं, 'कुलपे, कड्या, बिजागऱ्या, घाऊक व किरकोळ' — पण बोर्डाला काय, रंगवाल तसा रंगतो. कुलूप नाही. कडी नाही. बिजागरी आहे, ती या दाराची. हसताय? हसा, हसा. या दुकानात पायरी चढून आलेलं पहिलं गिऱ्हाईक तुम्ही. आता पहिल्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाती पाठवू नये म्हणतात, पण माझेच हात रिकामे, तुम्हाला काय देऊ?

बसा जरा. पाणी घ्या. ऊन बघा काय आहे — आणि एवढी बॅग घेऊन स्टँडपासून चालत आलात? चालतच येणार म्हणा, गल्लीत रिक्षा शिरत नाही आता, सगळं खणून ठेवलंय. मोठ्या रस्त्यावर हार्डवेअरचं दुकान आहे, पण तो मालक दुपारी जेवून घोरत पडतो. त्याला परवडतं, त्याचं दुकान खरं आहे. आमचं म्हणजे — तुम्ही बाहेरगावच्या, तुमच्यापासून काय लपवायचं — हत्तीचे दात असतात ना दाखवायचे, तसं. मी उभा जन्म थिएटरच्या दारात तिकिटं फाडली. थिएटर पाडलं, त्याच्याबरोबर मीही पडलो. मग एक गृहस्थ आले — मी मनात त्यांना गोडबोल्या म्हणतो, तोंडावर साहेब — म्हणाले, काका, मागच्या खोलीत फुकट राहा, पुढच्या खोलीत नुसतं बसा. म्हटलं, विकायचं काय? म्हणाले, काहीच नाही, कुणी आलंच तर माल संपलाय म्हणायचं. आमची बायको तेव्हाच म्हणाली, "ज्या दुकानात विकायला काही नाही, तिथं भलतंच काहीतरी विकलं जात असणार." ती तशीच बोलते. तिरकं. मी म्हटलं, तुला दम्याची धाप लागते, तुला छप्पर हवंय की सत्य हवंय? ती भांडी बांधायला लागली. मला तेव्हा वाटलं, मी जिंकलो.

कशासाठी म्हणजे? अहो, झोनसाठी! महापालिकेच्या नकाशात ही गल्ली रहिवासी आहे. रहिवासी म्हणजे इथं माणसांनी राहायचं, पोरं वाढवायची, भांडायचं — पण मोठं व्यापारी संकुल बांधायचं नाही. ते बांधायचं तर आधी झोन बदलायला हवा, आणि झोन बदलायचा तर समितीला पटायला हवं की इथं आता माणसं राहतच नाहीत, गल्लीचा आपोआप बाजार झालाय. आपोआप! म्हणजे आम्ही सगळे आपोआप उगवलो, कुत्र्याच्या छत्र्या उगवतात तसे. साहेबांनी एकेक घर घेतलं, त्यावर बोर्ड ठोकला. तो कोपरा बघा — कुरिअर ऑफिस. आजवर एक पाकीट आलेलं नाही. शेजारी कॉम्प्युटर क्लास, कॉम्प्युटर एक, त्याला वायर नाही, तिथला मास्तर दिवसभर माझ्याशी बुद्धिबळ खेळतो आणि हरला की पट उधळतो. आणि पाहणी करायला जे येतात ना, ते बघतात कसे माहितीय? फाटकाबाहेरून. आत पाऊल टाकत नाहीत, बुटांना चिखल लागतो. बोर्ड दिसला की दुकान. कुलूप दिसलं की रिकामं घर. दोरीवर कपडे आणि खिडकीत माणूस दिसला, तरच रहिवास. संपलं! आणि ज्याचं घर रिकामं त्याची हरकत बाद — तिथं राहतच नाही तर हरकत कसली घेतो? एवढ्या भांडवलावर ठराव सभेपुढे जातो, चहा निवायच्या आत हात वर होतात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, साधकबाधक चर्चेनंतर मंजूर. लोकांना वाटतं निर्णय सभागृहात होतात. सभागृहात जांभया होतात हो. निर्णय इथं होतात, या खोक्यांत.

आता गल्लीत नांदतं घर एकच उरलंय. हे समोरचं, हिरव्या फाटकाचं. मी इथं बसलो की नाकासमोर तेच. सिस्टर राहतात तिथं — निवृत्त नर्स, एकट्या, पण काय बाई आहे! सगळ्यांनी हरकती मागे घेतल्या, यांनी नाही. सुनावणीला गेल्या तर तो अधिकारी म्हणाला, आजी, तुमच्या एकटीसाठी शहराचा विकास थांबवायचा का? तर म्हणाल्या, "आजी तुझ्या घरी. इथं मी हरकतदार आहे." कुरिअरवाल्यानं सांगितलं, तो होता तिथं, गर्दी दाखवायला नेला होता. आणि दोरी कधी रिकामी ठेवत नाहीत. एकटीचे कपडे ते किती? पण यांचं आपलं रोज धुणं, धुतलेलंच परत धुतात, पडदे धुतात, पायपुसणी धुतात — नियम पाठ आहेत ना त्यांना माझ्यासारखेच! सकाळी कपडे झटकता झटकता मला हाक मारायच्या, "काय दुकानदार, आज काय काय विकलं नाहीत?" आणि मी म्हणायचो, सिस्टर, आज बिजागऱ्या बऱ्यापैकी नाही गेल्या. अशी आमची ओळख. मारायच्या म्हणतोय मी — आहेत हो, आहेत, हॉस्पिटलात आहेत. पडल्या परवा.

काय झालं? तोंड का उतरलं? तुम्ही — तुम्ही त्यांच्याकडेच आलात? भाची! मग आल्या आल्या बोलायचं नाही का? मी आपला वाजतोय मघापासून आणि तुम्ही ऐकून घेताय. माय मरो पण मावशी जगो म्हणतात — नाही, तसं नाही म्हणायचं मला, जीभ जळो माझी. हॉस्पिटलातून फोन आला तुम्हाला? कशा आहेत? खुबा? ऑपरेशन करायचं म्हणतात? या वयात. बरोबर आहे तुमचं, तुम्ही त्यांच्या उशाशीच राहायला हवं. म्हणून घर बंद करून जायचं, म्हणून कुलूप. कळलं. पण त्यांचं पितळी कुलूप असतं की कडीला, कायम लोंबत असतं — नाहीये? काढलंय? कुणी?

थांबा. कुलूप आहे माझ्याकडे. एक आहे. खोटं नाही बोललो मघाशी, विसरलो होतो, माझं नाहीच ना ते. काल संध्याकाळी साहेब आले होते, या खणात ठेवून गेले. म्हणाले, सिस्टरांच्या घरचं कुणी आलं तर द्या, पैसे घेऊ नका, शेजारधर्म म्हणून द्या. मला बरं वाटलं. म्हटलं, बघा, माणूस आपण समजतो तितका वाईट नसतो. हे बघा, कोरं आहे, वेष्टनसुद्धा — नाही, वेष्टन उघडलेलं आहे. असेल. चांगलं जड आहे. किल्ली ही. दुसरी — दुसरी इथंच असायला हवी. कुलपाला दोन किल्ल्या असतात, एवढं तर मलाही कळतं. खणात नाही. खाली पडली का बघा हो जरा, तुमचे डोळे तरुण आहेत. नाही ना?

नाही.

ताई, त्यांनी ते ठेवलं तेव्हा म्हणाले, उद्या दुपारपर्यंत कुणीतरी येईलच. मी विचारलंसुद्धा नाही, तुम्हाला कसं ठाऊक. बघा, काय सांगत होतो मी तुम्हाला मघाशी — बोर्ड म्हणजे दुकान, कुलूप म्हणजे — माझ्याच तोंडून निघालं ते, आणि माझ्याच कानांना ऐकू आलं नाही. उद्या सकाळी पाहणी आहे, शेवटची. आणि दुकानात एकच खरी वस्तू ठेवलीय.

तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. मी काही केलं नाही. मी बसलो होतो. बसायचंच तर छप्पर मिळतं मला. त्यांच्या फाटकासमोर पाइपासाठी खड्डा खणलाय ना, त्याच्यावर जाड फळी होती, सिस्टर तिच्यावरूनच जायच्या-यायच्या. परवा दिवेलागणीला एक माणूस आला, फळी उचलली, खांद्यावर टाकली आणि निघाला. मला वाटलं, कामावरचा असेल, दुसरीकडे लागली असेल. असं वाटतं की नाही माणसाला? तुम्हाला नसतं वाटलं? मी हाक मारणारच होतो, मास्तरनं शह दिला होता, म्हटलं ही एक चाल होऊ दे. आणि तेवढ्यात आवाज आला. धावलो मी, ताई! हे गुडघे घेऊन खड्ड्यात उतरलो. त्या चिखलात पडलेल्या, पाय असा वाकडा, आणि माझं मनगट धरलं त्यांनी — मला वाटलं आधाराला धरलंय. कसला आधार! नाडी बघत होत्या माझी. म्हणतात, "दुकानदार, फार जोरात चाललीय. बसा खाली." खड्ड्यात पडून मला सांगतात, बसा खाली.

मी कुणाला फोन केला नव्हता. मास्तरनंही नाही, तो तर दार लावून आत बसला. तरी गल्लीच्या तोंडाशी साहेबांची पांढरी गाडी आलीच. उचललं, तिथवर नेऊन गाडीत घातलं, अगदी स्वतःच्या आईला घालावं तसं. मग माझ्याकडे वळले, रुमालानं माझ्या शर्टाचा चिखल पुसला आणि म्हणाले, "काका, तुम्ही पाठमोरे होतात ना?" हा असा मी बसतो, रस्त्याकडे तोंड करून, दुसरीकडे तोंड करायला जागा नाही इथं. मी म्हटलं, हो. पाठमोरा होतो. तेव्हा मला ते एवढं मोठं वाटलं नाही. एक हो. रात्री बायकोला सांगितलं, तिनं ताट बाजूला सारलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

ऐका. उठू नका अजून, ऐका आधी. हॉस्पिटलात परिचारिका आहेत, तिथं रात्र निघेल. मावशींना जाऊन विचारा, त्या तुम्हाला उशाशी बसू देतील का ते — शिव्या घालून परत पाठवतील, लिहून देतो. कुलूप लावू नका. हे नको, दुसरंही नको, कसलंच नको. दार सताड उघडं टाका, खिडक्या उघडा, बॅगेत असतील नसतील ते कपडे भिजवा आणि दोरीवर टाका. उद्या ते आले की फाटकात उभ्या राहा, नाव सांगा, मावशींकडे राहते म्हणा, आणि नुसतं म्हणू नका, लिहून घ्या म्हणा, माझ्यासमोर लिहा म्हणा. त्यांना बोललेलं ऐकू येत नाही. आणि एकट्या थांबू नका. कुणाला तरी बोलवा, नवरा, भाऊ, कुणीही, आज रात्री त्या घरात दोन माणसं तरी हवीत. मला? मला काय बोलवता! मी — बरं, फळीचं सांगेन. विचारलं तर सांगेन. नाही, विचारलं नाही तरी — थांबा, गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली का? कुठली? पांढरी? बाहेर बघू नका, माझ्याकडे बघा. कुलूप घ्या. घ्या हो, हातात धरा, दिसू दे. लावायचं नाही, फक्त न्यायचं.

—हो ताई, अगदी मजबूत आहे, काळजीच नको! या साहेब, या. गिऱ्हाईक आहे. सिस्टरांची भाची. तुम्ही म्हणाला होतात तसंच, कुलूप मागायला आल्या, दिलं. नाही, पैसे नाही घेतले. बोलायचं काय, ऊन किती आहे, रिक्षा येत नाही, एवढंच. गाडीनं सोडता? नको नको, हॉस्पिटल लांब नाही, त्या चालतच जाणार म्हणत होत्या. हो ना ताई? जा, निघा तुम्ही. निघा म्हणतोय ना! दुकानात बसायला जागा नाही, लोकांना काय, पाणी दिलं की ठाण मांडून बसतात. जा.

गेल्या. साधी बाई आहे साहेब, तिला काय कळतंय. बायको? नाही, ती भावाकडे गेलीय, परवा येईल. मास्तर आज फिरकला नाही. हो, एकटाच. काय म्हणालात — शटर? आत्ता? भर दुपारी? नाही, ओढतो की, पण तुम्ही आत आहात अजून.

बरं.