गच्चीवरची गल्ली

दवाखान्यात नंबरची वाट पाहणाऱ्या दोघी बहिणींचं बोलणं ऐकून कंपाउंडर पुड्या बांधता बांधता थांबला.

“आमची गल्ली पाडली ना, ती मी नव्या इमारतीच्या गच्चीवर मांडलीय, ताई.”

“म्हणजे गं?”

“घरटी एक कुंडी. ज्याच्या दारात जे झाड होतं, तेच. ओळही तीच.”

“आणि ती शेजारीण? तिच्याशी तर तुझा उभा दावा.”

“तिची जास्वंद माझ्या तगरीला खेटूनच ठेवली. तशीच होती ना.”

“आली ती बघायला?”

“काल आली. आल्या आल्या कुंडी वीतभर माझ्या हद्दीत सरकवली.”

“आणि तू?”

“मी मागे ढकलली. तासभर भांडलो, अगदी पूर्वीसारख्या. सगळी गल्ली वर गोळा झाली.”

“मग?”

“आज ती टेप घेऊन येतेय. अहो कंपाउंडर, डॉक्टरांना म्हणावं, जरा लवकर आटपा.”